बेबी, वहिनी आणि मॅडम

प्रश्न : माझं वय ६३. लग्नात माझं नाव बदललं. मला विचारून बदलायची पद्धत तेव्हा नव्हती. माहेरी मी अजूनही 'बेबी', सासरी वहिनी आणि बँकेत निवृत्तीपर्यंत मॅडम. माहेरी गेले की भावांशी पत्त्यांवरून कडाकडा भांडते. सासरी माझा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. बँकेत मात्र शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला टरकून असायचे. परवा नातीने मोबाइलवर स्वभावाची चाचणी द्यायला लावली. पहिलाच प्रश्न : 'तुम्ही चारचौघांत मोकळेपणाने बोलता का?' मी विचारलं, कुठल्या चारचौघांत? ती हसत सुटली, पण मला त्या रात्री झोप आली नाही. यातली खरी मी कोणती? आणि स्वभावाला औषध नसतं म्हणतात, मग माझे स्वभाव तीन कसे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, 'कुठल्या चारचौघांत?' हे तुम्ही सहज विचारलंत, पण स्वभाव मोजणाऱ्या मंडळींना हा प्रश्न नीट सुचायला बरीच वर्षं लागली, आणि सुचल्यावर त्यांच्यात जोरदार भांडणं झाली. तेव्हा एका रात्रीची झोप गेली तर ती वाया गेली असं समजू नका.

भांडण लावलं वॉल्टर मिशेल यांनी. मूळचे व्हिएन्नाचे. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा हे आठ वर्षांचे होते. कुटुंब अमेरिकेला पळालं. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर मिशेल यांनी स्वभावचाचण्यांवरचं तोवरचं संशोधन चाळून काढलं आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. चाचणीत एखाद्याला 'प्रामाणिक' किंवा 'बोलका' म्हणून भरपूर गुण मिळाले, तरी तो अमुक ठिकाणी अमुक वेळी कसा वागेल याचा अंदाज फार कच्चा येतो, असा त्यांचा मुद्दा. दोन गोष्टींचा पूर्ण मेळ बसला तर आकडा १, अजिबात बसला नाही तर शून्य; इथे तो ०.३ च्या पुढे क्वचितच सरकत होता. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९२८ मध्ये, हार्टशोर्न आणि मे या दोघा संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची संधी मुद्दाम देऊन पाहिली होती. तेव्हाही हेच दिसलं होतं. पेपरात उत्तर चोरणारा मुलगा खेळात अगदी चोख असू शकायचा, आणि खेळात हात मारणारा पेपरात.

मग स्वभाव असं काही नसतंच का? असं म्हणणारेही निघाले, आणि पुढची वीसेक वर्षं दोन्ही बाजूंनी कागद काळे झाले. त्यात शिरत नाही. मिशेल आणि त्यांचे सहकारी युइची शोदा शेवटी जिथे पोहोचले तो भाग तुमच्या कामाचा आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या एका उन्हाळी शिबिरात त्यांनी मुलांच्या वागण्याच्या सहा आठवडे नोंदी ठेवल्या. 'हा मुलगा भांडखोर आहे का' यावर न थांबता तो कधी भांडतो हे टिपलं : बरोबरीच्या मुलाने चिडवलं तेव्हा, मोठ्यांनी दटावलं तेव्हा, शिक्षा केली तेव्हा, की कौतुक केलं तेव्हा. दोन मुलांची भांडणं मोजली तर सारखीच भरायची. पण एक जण सवंगड्याने चिडवलं की उसळायचा आणि मोठ्यांपुढे गप्प बसायचा. दुसऱ्याचं नेमकं उलट. आणि ज्याचा त्याचा हा नमुना बऱ्यापैकी टिकून राहायचा. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मूल कुठे बदलतं आणि कुठे बदलत नाही, यावरूनच ते ओळखू येत होतं.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. माहेरी तुम्ही भांडता, कारण तिथे भांडून काही बिघडत नाही; संध्याकाळी त्याच भावांबरोबर जेवायला बसायचं असतं. बँकेत सही तुमची, जबाबदारी तुमची, आवाजही तुमचा. सासरी निर्णय दुसऱ्यांचे होते. आपल्या शब्दाला जिथे वजन आहे तिथे स्पष्ट बोलायचं आणि नाही तिथे तो खर्च करायचा नाही, असा एकच स्वभाव या तिन्ही ठिकाणी मला दिसतो. चार ओळींच्या पत्रावरून बांधलेला हा अंदाज आहे, त्यामुळे तो नातीसमोर पुरावा म्हणून ठेवू नका. पण तीन ठिकाणची तीन वागणी म्हणजे तीन माणसं, हे गणित चुकीचं आहे एवढं नक्की.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी तर १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की आपल्याला जितकी माणसं ओळखतात तितके आपले सामाजिक 'मी' असतात. पुढे १९०२ मध्ये समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी याला आरशाची उपमा दिली : समोरच्याच्या नजरेत आपण कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो आणि त्या कल्पनेतून स्वतःबद्दलचं मत बनवतो. तुमच्या भावांच्या नजरेत तुम्ही आजही फ्रॉकमधल्या आहात. तिथे पोहोचल्यावर ६३ वर्षांच्या बाईला बेबी व्हायला दहा मिनिटंही लागत नसतील.

मात्र 'यातली खरी कोणती' हा प्रश्न जगात सगळीकडे सारख्याच तीव्रतेने विचारला जातो असं नाही. रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बोर्न यांनी भुवनेश्वरच्या आणि शिकागोच्या लोकांना ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं होतं; ते १९८४ मध्ये छापून आलं. शिकागोचे लोक सांगत, ती प्रेमळ आहे, तो हट्टी आहे. भुवनेश्वरचे लोक जास्त करून सांगत, सणाला ती आमच्याकडे गोडधोड घेऊन येते. कोण, कुठे, कुणाशी, हे सगळं वाक्यातच. त्याच वर्षी जोन मिलर यांनी म्हैसूर आणि शिकागो इथल्या लोकांची अशीच तुलना प्रसिद्ध केली. त्यातला एक प्रसंग असा : एक वकील मोटरसायकलवरून जाताना अपघात होतो, मागे बसलेल्याच्या डोक्याला मार लागतो. वकील त्याला रुग्णालयात सोडतो आणि तो किती गंभीर आहे याची चौकशी न करता कोर्टात निघून जातो. जखमी दगावतो. असं का वागला? अमेरिकी उत्तरात वकील बेजबाबदार ठरायचा. म्हैसूरकडच्या उत्तरात अशिलासाठी कोर्टात हजर राहणं हे त्याचं कर्तव्य होतं, शिवाय जखम बाहेरून तेवढी गंभीर दिसली नसेल, असा प्रसंगाचा हिशेब यायचा. यातली गंमत म्हणजे दोन्हीकडच्या लहान मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. माणसाकडे कसं पाहायचं हे मुलं आसपासच्या मोठ्यांकडून शिकत जातात.

दक्षिण कोरियाच्या यून्कूक सूह यांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. सगळ्या नात्यांत एकसारखं असणं आणि सुखी असणं यांचा संबंध अमेरिकी लोकांत बराच घट्ट होता. कोरियन लोकांत तो खूपच सैल निघाला. आई, मित्र आणि साहेब यांच्यासमोर वेगवेगळं वागून तिथला माणूस खुशाल झोपतो.

इथे कुणी 'पाहा, आपली संस्कृती किती समंजस' असं म्हणायच्या आत दुसरी बाजू सांगायला हवी, कारण तुम्हाला झोप आली नव्हती हेही खरंच आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतच झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे वेगवेगळ्या भूमिकांमधले 'मी' फार दूर दूर होते, ते लोक जास्त अस्वस्थ आणि खचलेले आढळले. चार वर्षांनी केनन शेल्डन आणि सहकाऱ्यांनी तोच धागा उचलून प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारला : या भूमिकेत तुम्ही मनापासून वागता, की वागावं लागतं? ज्या भूमिकेत माणसाला आपण मनापासून वागतोय असं वाटत होतं, तिथे तो समाधानी होता, आणि एकूण प्रकृतीशीही या उत्तराचं नातं होतं. म्हणून माझ्या मते तुम्हाला टोचतो आहे तो तीनचा आकडा नाही. तीनपैकी एक जागा तुम्हाला न विचारता ठरली, ते टोचतंय. तुम्ही स्वतःच ते पत्राच्या तिसऱ्या वाक्यात सांगून टाकलं आहे.

आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे. फोटोत हे फार छान दिसतं. पण मराठी माणसाचं नाव तीन भागांचं : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नात मुलीचे दोन भाग बदलतात, आणि ते तांदळातलं नाव कायम झालं तर तिसराही. एका दुपारी पूर्ण नावातला एकही शब्द शिल्लक राहत नाही आणि त्याला कुणी संकट म्हणत नाही.

'ओळखीचं संकट' हा शब्दप्रयोग ज्यांनी जगभर नेला त्या एरिक एरिक्सन यांचा नावाशी झगडा याहून वेगळा नव्हता. जन्म १९०२, फ्रँकफर्टचा. आई डॅनिश ज्यू, वडील कोण हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. आईने पुढे होम्बर्गर नावाच्या बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील असं मुलाला सांगितलं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. प्रार्थनामंदिरात मुलं त्याला परका म्हणून चिडवत आणि शाळेत ज्यू म्हणून. व्हिएन्नात ॲना फ्रॉइड यांच्या हाताखाली तयार होऊन ते १९३३ मध्ये अमेरिकेला गेले, आणि १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना त्यांनी नवं आडनाव लावलं : एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. आपणच आपले वडील! जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर एक झगडा, हा त्यांचा सिद्धांत १९५० च्या पुस्तकात आला. त्यातला पाचवा, किशोरवयातला झगडा 'मी कोण' याचा. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपावरून गांधीजींवर पुस्तक लिहून पुलित्झर मिळवणारे ते हेच.

एवढं भोगलेल्या माणसाने स्त्रियांबद्दल काय लिहावं? तर तरुणीची ओळख काही अंशी अपुरी, मोकळी राहते आणि पुढे नवरा आणि मुलं ती भरतात, अशा अर्थाचं. स्त्रीवादी लेखिका केट मिलेट यांनी १९७० मध्ये त्यावर सडकून टीका केली. हार्वर्डमध्ये एरिक्सन यांच्याबरोबर शिकवलेल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवलं की ही सगळी शिडीच मुलग्यांच्या आयुष्यावरून बेतलेली आहे. स्वतःचं नाव स्वतः ठेवण्याची मोकळीक ज्याला मिळाली, त्याला ती न मिळालेल्यांचं दुःख दिसलं नाही.

एरिक्सन यांच्यानंतर जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या मुलाखती घेऊन चार स्थिती सांगितल्या. काही शोधतही नाहीत आणि ठरवतही नाहीत. काही शोधात आहेत. काहींनी शोधून ठरवलंय. आणि काहींनी न शोधताच घरच्यांनी दिलेलं मान्य केलंय. तुमच्या पिढीतल्या बहुतेक बायका या शेवटच्या रकान्यात बसतील असं वरवर वाटेल. पण बँकेची नोकरी करणारी, साहेबाला टरकावणारी बाई त्या रकान्यात पुरती मावत नाही. घरात दिलेलं, बँकेत मिळवलेलं, असं दोन्ही एकाच माणसात नांदू शकतं, आणि तुमच्यात ते नांदलं.

राहिलं औषधाचं. स्वभाव तिशीपर्यंत प्लास्टरसारखा घट्ट होतो असं विल्यम जेम्स यांचं मत होतं आणि आपल्या म्हणीचंही साधारण तेच. आकडे मात्र वेगळं सांगतात. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले : काटेकोरपणा आणि मनाचं स्थैर्य वयाबरोबर वाढतं, आणि सगळ्यात जास्त बदल विशी ते चाळिशीत होतो. म्हणजे ज्या वयात तुम्ही घर, मुलं आणि कॅश काउंटर एकदम सांभाळत होतात, त्या वयात. आणखी लांबचं पाहायचं तर स्कॉटलंडमध्ये १९५० साली शिक्षकांनी चौदा वर्षांच्या १,२०८ मुलांच्या सहा गुणांची नोंद केली होती. २०१२ मध्ये त्यातले १७४ जण पुन्हा अभ्यासात सहभागी झाले, वय ७७. शिक्षकांचं तेव्हाचं मत आणि आजचा स्वभाव यांत म्हणण्यासारखा काहीच संबंध उरला नव्हता. उलट अमेरिकेत १९६० मध्ये शाळेत असताना ज्यांनी स्वतःबद्दल प्रश्नावली भरली होती, अशा १,७९५ जणांना पन्नास वर्षांनी पाहिलं तर बऱ्यापैकी सातत्य दिसलं. माझा कल दुसऱ्या अभ्यासाकडे आहे. शिक्षकांना मूल वर्गात दिसतं, आणि वर्ग हे एकच ठिकाण. तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

आणि औषधाचं म्हणाल तर तेही आहे. मानसोपचारांचे २०७ अभ्यास तपासून २०१७ मध्ये असं आढळलं की सरासरी २४ आठवड्यांत लोकांच्या स्वभावात, विशेषतः चिंतेच्या कलात, मोजता येईल इतका फरक पडतो आणि तो टिकतोही. म्हण बदलायला कुणी बसलेलं नाही, पण ती आता शब्दशः खरी राहिलेली नाही.

खरी मी कोणती, याचं थेट उत्तर अजून दिलेलं नाही. आठवणी म्हणजेच माणूस, असं सतराव्या शतकात जॉन लॉक यांनी मांडलं आणि आपल्यालाही ते पटण्यासारखं वाटतं. पण नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये स्मृतिभ्रंश आणि मेंदूच्या इतर आजारांनी ग्रासलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना विचारलं, 'हा तुमचा पूर्वीचाच माणूस वाटतो का?' आठवणी गेल्या तरी नातेवाईक म्हणायचे, आहे, तोच आहे. जेव्हा माया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कदर बदलली, तेव्हा म्हणाले, आता हा तो राहिला नाही. म्हणून नातीच्या चाचणीऐवजी दुसरा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. पत्त्यांत लबाडी केलीत का? सासरी कुणाचं खोटं झाकलंत का? बँकेत गरीब खातेदाराला हेलपाटे घालायला लावलेत का? तिन्हीकडे उत्तर सारखं आलं तर भाऊ, दीर आणि बँकेतला शिपाई एकाच बाईला ओळखतात. आणि तांदळात लिहिलेलं नाव आजही परकं वाटत असेल, तर ६३ व्या वर्षी नाव बदलायला राजपत्राची वाट मोकळी आहे. नावं बदलणाऱ्यांच्या त्या यादीत वयाची अट नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रुपमध्ये सगळ्यांनी ती चार अक्षरांची व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. दिवाळीच्या सुट्टीत माझा एक प्रकार आला, सबमिशन संपल्यावर दुसरा. पण दोन्ही वर्णनं वाचून वाटलं, अरे, हे तर माझ्याबद्दलच आहे! असं कसं?
– विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही तुझ्याबद्दलच वाटली, हीच खरी गोम आहे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. कितपत जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी पडली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तो बहुतांशी एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. वरून शिस्तीचे, आतून काळजी करणारे, गुण आहेत पण पुरते वापरले गेले नाहीत, अशा धर्तीची वाक्यं कुणाला लागू पडत नाहीत? रविवारच्या पुरवणीतलं आपलं राशिभविष्य वाचून झालं की शेजारच्या राशीचंही वाचून पाहा.

चार अक्षरांची चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकी मायलेकींनी बनवली. दोघींचंही मानसशास्त्रातलं रीतसर शिक्षण नव्हतं. लेकीने त्याआधी रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवलं होतं. आधार घेतला कार्ल युंग यांच्या १९२१ च्या पुस्तकाचा. यात मला त्यांची हेटाळणी करायची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसाला त्याच्या कलाप्रमाणे काम मिळावं, हा हेतू चांगलाच होता. अडचण वर्गवारीची आहे. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्ये कुठेतरी असतात. पाच फूट पाच इंचांच्या खालच्या सगळ्यांना बुटके आणि वरच्यांना उंच म्हटलं, तर रेषेजवळच्या माणसाची जात बूट घातला की बदलेल. तुझंही तसंच झालंय : सुट्टीत मित्रांत रमलेला एक, जर्नल पूर्ण करून आंबलेला दुसरा.

मानसशास्त्रज्ञ बहुतेक करून पाच मापं वापरतात : नवेपणाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि चिंतेचा कल. ती आली कुठून, तर शब्दकोशातून. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी कोश पालथा घालून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या संशोधकांनी ते चाळून चाळून या पाचांवर आणले. इथे तुला 'प्रकार' मिळत नाही, प्रत्येक मापावर आकडा मिळतो. ग्रुपवर मिरवायला तो अगदीच नीरस आहे, हे मान्य. पण कॅम्पसला आलेल्या एखाद्या कंपनीने त्या चार अक्षरांवरून कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवलं, तर एवढं लक्षात ठेव : नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं ती चालवणारी संस्थाच सांगते.

प्रश्न : आमचं बाळ चौदा महिन्यांचं आहे. आरशातल्या बाळाला पापी देतं, मग आरशामागे जाऊन शोधतं. हा आपणच, हे त्याला कधी कळेल?
– बाळाचे आजोबा, चिपळूण

उत्तर : बहुतेकांना दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कळतं, त्यामुळे घाई नाही. तपासायची युक्ती गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींवर केली आणि १९७२ मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी बाळांवर. बाळाच्या नाकाला नकळत लाली लावायची आणि आरसा दाखवायचा. त्याने आरशातल्या नाकाला हात लावला तर अजून वेळ आहे. स्वतःच्या नाकाला लावला तर ओळख पटली.

आपल्याकडे एक घोटाळा होईल. गालावर काजळाची तीट रोजच असेल, तर तोंडावर डाग असणं यात बाळाला नवल काय वाटणार? तेव्हा तीट लावायच्या जागी काही लावू नका. नाकाच्या शेंड्यावर, वेगळ्या रंगाचं, आणि तेही तोंड पुसायच्या निमित्ताने, म्हणजे त्याला पत्ता लागणार नाही.

शेजारच्या बाळाला आधी जमलं तर सूनबाईंना टोमणा मारू नका. हाइडी केलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतल्या आणि ग्रीसमधल्या शहरी कुटुंबांतल्या दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. आरशात स्वतःला ओळखण्यात ग्रीक मुलं बरीच पुढे होती. 'हे तिकडे नेऊन दे', 'त्याला हात लावू नकोस' असं सांगितल्यावर ऐकण्यात न्सो मुलं पुढे होती. ग्रीक आयांनी बाळांशी समोरासमोर, डोळ्यांत पाहून खूप गप्पा मारल्या होत्या. न्सो आयांनी त्यांना जास्त वेळ अंगाशी धरलं होतं. तुमच्या घरात बहुतेक दोन्ही चालत असणार, म्हणून दोन्ही करून पाहा : आधी आरसा, मग 'आजीला चष्मा नेऊन दे'.